ठासणीच्या रायफलीतला न उडालेला बार : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका लहान नेमबाजी क्लबच्या मैदानावर घडले. रायफलीच्या मालकांच्या संमतीने ते लिहीत आहे. नावे, क्लबचे ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्या दिवशी गोळीबाराच्या रेषेवर देखरेखीची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे हा अहवाल तिऱ्हाइताचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पार्श्वभूमी

रायफलीचे मालक, ज्यांना येथे श्री. क. म्हणू, मूळचे नाशिकचे आणि व्यवसायाने संगणक अभियंता आहेत. ते एच-वन-बी व्हिसावर येथे राहतात. अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. मात्र त्या कायद्यातील ‘अँटिक’ या व्याख्येत १८९८ पर्यंत बनलेली हत्यारे येतात, तसेच तोंडातून बार भरण्याच्या, केवळ काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायी दारूवर चालणाऱ्या आणि तयार काडतूस न घेणाऱ्या आजच्या प्रतिकृतीही येतात, आणि अशी हत्यारे ‘फायरआर्म’ या संज्ञेतूनच वगळलेली आहेत. श्री. क. यांनी हे वकिलाकडून तपासून घेतले आणि मगच खरेदीचा विचार केला. (शेजारच्या न्यू जर्सीत, जिथे मराठी वस्ती मोठी आहे, राज्याचा कायदा इतका सैल नाही, उडवण्यासाठी बाळगलेली अशी प्रतिकृती तिथे बंदूक म्हणूनच मोजली जाते. पेनसिल्व्हेनियाचा अनुभव ऐकून तिकडच्या कोणी खरेदीला निघू नये.)

त्यांना हवी होती ती १८५३ च्या नमुन्याची, नळी दस्त्याला तीन कड्यांनी धरलेली एनफील्ड रायफल. कारण उघड आहे. ज्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली बराकपूर आणि मेरठ पेटले, ते काडतूस, म्हणजे दारू आणि गोळी एकत्र बांधलेली कागदी पुडी, याच रायफलीचे होते. अमेरिकनांचे तिच्याशी नाते वेगळे आहे. त्यांच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी ही रायफल लाखांच्या संख्येने आयात केली, म्हणूनच आज तिच्या प्रतिकृती बनतात आणि तिच्या स्पर्धा भरतात.

सुरुवातीला श्री. क. यांचा ओढा अस्सल रायफलीकडे होता. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील जुन्या शस्त्रांचा प्रचंड साठा अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि त्यातली हत्यारे आजही बाजारात फिरतात. पण दीडशे वर्षांच्या नळीच्या आत गंजाने काय केले आहे, हे बाहेरून कळत नाही. त्यांनी ती कल्पना सोडली आणि इटलीत बनलेली एक वापरलेली प्रतिकृती घेतली, जिच्या नळीवर गार्दोने व्हाल त्रोंपिया येथील सरकारमान्य चाचणीगृहाचे शिक्के होते. हा निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो.

ज्यांनी अशी रायफल हाताळलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. नळी ३९ इंच लांब, आतला व्यास ०.५७७ इंच, मागचे टोक कायमचे बंद. दारू आधी तोंडातून ओतायची, मग बुडाशी पोकळ असलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची. नळीच्या उजव्या अंगाला एक उंचवटा असतो आणि त्यात निपल, म्हणजे आरपार भोक असलेला छोटा पोलादी खुंट, बसवलेले असते. निपलवर आघाताने पेटणाऱ्या मसाल्याची तांब्याची टोपी चढवून घोडा पाडला की ठिणगी निपलमधून खाली जाते, काटकोनात वळते आणि एका अरुंद वाटेने दारूपर्यंत पोहोचते. अमेरिकेच्या १८६१ च्या स्प्रिंगफील्डला ही वाट साफ करण्यासाठी बाजूला वेगळा स्क्रू दिलेला आहे, श्री. क. यांच्या एनफील्डला तो नव्हता. त्यामुळे ती वाट खरोखर मोकळी आहे की नाही, हे निपल काढल्याशिवाय दिसत नसे.

अडचण

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, अनुक्रमे सुमारे ७५, १५ आणि १० टक्के. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राखेच्या रूपात मागे उरतो. ही राख हवेतील ओल शोषते आणि दमट दिवसात काही तासांत पोलादाला गंज चढवते. तिला पाण्याशिवाय खरे औषध नाही. साबणाचे कोमट पाणी, चिंध्या, पुन्हा पाणी, कोरड्या चिंध्या, आणि सर्वांत शेवटी तेलाचा अगदी पातळ हात, एवढाच तिचा विधी. खनिज तेल राखेवरच ओतले तर दोहोंचे मिळून डांबरासारखे चिकट काजळ तयार होते.

श्री. क. यांना हे पाठ होते. गोळीला लावायचे वंगणसुद्धा ते खनिज ग्रीसचे न करता मधमाश्यांचे मेण आणि साजूक तूप वितळवून घरी करत. १८५७ च्या जानेवारीत, अफवा पसरू लागल्यावर, शिपायांनी बाजारातून स्वतः जिन्नस आणून वंगण बनवावे अशी मुभा देण्याचे ठरले होते, आणि मेण-तुपाचा तोडगा त्याच वादातला आहे, हे ते मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. गोळीच्या बाबतीत इतके चोखंदळ असलेले हे गृहस्थ हिवाळ्यापूर्वीच्या शेवटच्या सफाईला मात्र घाईत होते. पाण्याने नळी धुतली, पण नळी दस्त्यातून उतरवली नाही, निपल काढले नाही, आणि गंजाच्या धास्तीने शेवटी नळीत खनिज तेल सढळ हाताने सोडले. मग रायफल तोंड वर करून कपाटात उभी केली. पुढचे पाच महिने ते तेल नळीच्या भिंतींवरून ओघळत तळाशी आणि निपलच्या वाटेत साचत राहिले.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी ते मैदानावर आले. नळीतून एक कोरडी चिंधी फिरवली आणि ती बऱ्यापैकी स्वच्छ निघाली. प्रत्यक्षात ती तळाच्या शेवटच्या इंचापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्यांनी ६० ग्रेन, म्हणजे सुमारे चार ग्रॅम, दारू मापून ओतली (मूळ लष्करी बार सुमारे ६८ ग्रेनचा असे, निशाणेबाज थोडी कमी घेतात), गोळी ठासली, टोपी चढवली आणि चाप ओढला. टोपी फुटली, पण बार उडाला नाही. दुसरी टोपी फुटली, तिसरी फुटली. “काका, बार फुसका निघाला,” असे त्यांनी मला हाक मारून सांगितले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते आणि अकराला स्पर्धेची पहिली फेरी होती.

समोर असलेले पर्याय

तोंडातून बार भरण्याच्या बंदुकीत न उडालेला बार बाहेर काढण्याचे चार मार्ग प्रचलित आहेत, आणि त्या सकाळी चारही आमच्या बोलण्यात आले.

पहिला मार्ग सर्वांत साधा आहे. निपल काढायचे, त्या भोकातून चिमूटभर बारीक दाण्याची दारू आत सारायची, गज घालून गोळी तळाशीच टेकलेली असल्याची खात्री करायची, निपल परत बसवून टोपी लावायची आणि बार मैदानाच्या दिशेने उडवून टाकायचा. गोळी जागची हललेली नसेल तर हा मार्ग निर्धोक मानला जातो.

दुसरा मार्ग म्हणजे गजाच्या टोकाला खास स्क्रू लावून तो शिशात फिरवायचा आणि गोळी ओढून काढायची. हे करताना माणसाचे हात नळीच्या तोंडासमोर येतात, म्हणून आधी निपलच्या भोकातून भरपूर पाणी सोडून दारू मारून टाकणे आवश्यक असते. शिवाय पोकळ बुडाची गोळी स्क्रूच्या दाबाने फुगते आणि नळीला अधिकच घट्ट धरते. साध्या गोल गोळीपेक्षा ती ओढायला कठीण.

तिसरा, निपलला कार्बन डायऑक्साइडच्या लहान सिलिंडरचे साधन लावून दाबाने गोळी बाहेर ढकलणे. एका सभासदाकडे हे साधन होते, सिलिंडर रिकामे होते.

चौथा मार्ग दिसायला ओबडधोबड आहे, पण माझ्या मते सर्वांत भरवशाचा. निपलच्या जागी त्याच आट्यांचे ग्रीस निपल (ग्रीस गन जोडायचे तोंड) बसवायचे आणि गॅरेजमध्ये वापरतात त्या साध्या ग्रीस गनने नळीच्या तळात ग्रीस भरत राहायचे. दारू ग्रीसमध्ये मरते आणि गोळी दातांच्या पेस्टसारखी हळूहळू तोंडाकडे सरकते. ठिणगी नाही, धक्का नाही, कोणाचे हात तोंडासमोर नाहीत. नंतरची सफाई मात्र अर्धा दिवस खाते. ग्रीस गन एकाच्या ट्रकमध्ये होती, योग्य आट्यांचे निपल कोणाकडे नव्हते. ते शहरातल्या दुकानातून आणायला दीड तास लागला असता.

प्रत्यक्षात काय केले

पहिला मार्ग चटकन होण्यासारखा होता, पण श्री. क. यांना तो पटला नाही. तळाशी तेल असेल तर चिमूटभर दारूही भिजेल आणि चौथी टोपी वाया जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. शंका अवाजवी नव्हती. तिचे उत्तर निपलची वाट आधी चिंधीने आणि बारीक तारेने कोरडी करणे हे होते, आणि ते त्या वेळी कोणी सांगितले नाही. शेजारच्या एका अनुभवी सभासदाने आपला गोळी ओढण्याचा स्क्रू पुढे केला. दारू तेलाने भिजली आहे म्हणजे मेलीच आहे असे गृहीत धरून, पाणी न सोडताच, दोघांनी ओढायला सुरुवात केली.

गोळी सुमारे चार इंच वर आली आणि अडली. आणखी जोर लावल्यावर स्क्रू शिशातून निसटला आणि गोळीच्या नाकाचा चुरा घेऊन बाहेर आला. आता धरायला काही उरले नव्हते. अकराला दहा मिनिटे कमी होती आणि रेषेवर माणसे खोळंबली होती.

इथे पुन्हा पहिला मार्ग समोर आला. निपल काढले, वाट पुसली, बारीक दारू आत सारली. गोळी मागे ठासण्यासाठी गज घातला. श्री. क. यांच्या गजावर शहाण्या माणसासारखी खूण होती: बार बरोबर बसलेला असताना जी रेघ नळीच्या तोंडाशी यावी, ती त्यांनी पहिल्याच दिवशी कोरून घेतली होती. गज खाली गेला, अडला, दोन-तीन वेळा ठोकल्यावर थोडा आणखी गेला आणि थांबला. रेघ नळीच्या तोंडापासून सुमारे अडीच इंच वर राहिली.

श्री. क. यांनी माझ्याकडे पाहिले. मी रेघ पाहिली. शेजारच्या त्या सभासदानेही पाहिली. गोळीचे नाक तुटले आहे, चुरा मध्ये आला असेल, म्हणून गज थोडा वर दिसत असेल, असे कोणीतरी म्हणाले, आणि “चालेल” हा शब्द माझा होता.

चाप ओढला. या वेळी बार उडाला. आवाज नेहमीपेक्षा बसका, धक्का कमी, धूर नेहमीसारखा. मातीच्या बांधावर कुठेतरी गोळी लागली. कोणाला काही झाले नाही, आणि फेरी वेळेवर सुरू झाली.

परिणाम

त्या दिवशी श्री. क. यांचे गुण वाईट आले, त्याचे खापर सगळ्यांनी हिवाळ्यातल्या खंडावर फोडले. संध्याकाळी घरी, सकाळच्या प्रकाराने सावध होऊन, त्यांनी प्रथमच तिन्ही कड्या काढल्या, मागचा स्क्रू सोडवला आणि नळी दस्त्यातून उचलून धुवायला घेतली. घट्ट चिंधी गजावर चढवून नळीतून ओढताना तळापासून सुमारे साडेतीन इंचांवर ती एकदम सैल पडे आणि पुन्हा घट्ट होई. नळी खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिल्यावर तिच्या पोटाकडे, जो भाग एरवी दस्त्यात झाकलेला असतो तिथे, प्रकाशाची रेषा एका ठिकाणी वाकत होती. नळीला अंगठीच्या आकाराचा फुगवटा आला होता.

याचे कारण दारूच्या मात्रेत नव्हते. गोळी दारूला टेकलेली असते तेव्हा वायूचा दाब वाढू लागताच ती हलू लागते. मध्ये पोकळी राहिली तर वायू त्या पोकळीत वेग घेतो आणि स्थिर उभ्या असलेल्या गोळीच्या बुडावर आदळतो. पाण्याचा नळ एकदम बंद केल्यावर पाइपात जो दणका बसतो, तशाच जातीचा हा आघात. त्या एका जागी क्षणभर इतका दाब निर्माण होतो की पोलाद फुगते, आणि नशीब वाईट असेल तर फाटते. त्या क्षणी गोळी ही गोळी राहत नाही, ती नळीतला अडथळा असते.

जवळच्या एका बंदूक कारागिराने फुगवटा मोजला आणि मत दिले. काही नेमबाज अशा नळ्या तशाच वापरतात आणि त्यांचा नेमही फारसा बिघडत नाही, हे त्याने लपवले नाही. पण ताणलेल्या पोलादाची खात्री तो देणार नव्हता. आतून पोखरून नवे अस्तर बसवणे, दुसरी नळी घेणे, किंवा रायफल भिंतीवर टांगणे, असे तीन मार्ग त्याने ठेवले. श्री. क. यांच्या घरात या विषयावर दोन दिवस चर्चा झाली. त्यांच्या पत्नीचे म्हणणे असे की वस्तू भिंतीवरही राहू शकते. पण राहणार असेल तर ‘चालेल’वर चालणारी नको. अखेर त्याच उत्पादकाची दुसरी नळी मागवली गेली आणि तिच्या खर्चाचा तिसरा हिस्सा, माझ्या आग्रहावरून, मी उचलला.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

आधीच्या चुका पटकन सांगता येतात. शरद ऋतूत निपल काढून वाट पाण्याने धुतली असती, तेल पातळ लावले असते आणि रायफल तोंड खाली करून ठेवली असती, तर तेल तळाशी साचलेच नसते. एप्रिलमध्ये बार भरण्यापूर्वी दोन-तीन नुसत्या टोप्या फोडल्या असत्या आणि नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरून ते पाते हलते का, हे पाहिले असते, तर वाट बुजल्याचे अर्ध्या मिनिटात कळले असते. टोपी फुटून बार न उडाल्यावर रायफल किमान एक मिनिट मैदानाकडेच रोखून धरायची असते, कारण दारू कधीकधी धुमसते आणि उशिरा पेट घेते, श्री. क. यांनी ती पाच-सहा सेकंदांत खाली घेतली होती. मी ते पाहिले नाही, कारण मी रेषेच्या दुसऱ्या टोकाला होतो. ही सबब आहे, समर्थन नाही.

जिवंत दारूवर गोळी ओढणे ही त्याहून मोठी चूक होती. तेल दारूला ओले करते, पण खात्रीने मारत नाही. मधले काही दाणे कोरडे राहू शकतात, आणि ते राहिले होते, हे शेवटी बार उडाला यावरूनच सिद्ध झाले. दोन माणसांचे हात काही मिनिटे अशा नळीच्या तोंडासमोर होते. फुगवट्याची चर्चा इतकी झाली की ही गोष्ट मागे पडली. माझ्या दृष्टीने त्या सकाळचा सर्वांत धोक्याचा काळ तोच होता.

पण मला सर्वाधिक विचार करायला लावतो तो क्रम. दहा वाजता चिमूटभर दारूचा मार्ग योग्य होता, कारण गोळी तळाशी होती. अकरा वाजत आले असताना तोच मार्ग, त्याच माणसांनी, त्याच साधनांनी वापरला आणि नळी गेली, कारण मधल्या वेळात आम्हीच गोळी हलवली होती. आम्ही मार्गाचे नाव लक्षात ठेवले आणि त्याची अट विसरलो. स्क्रू निसटला त्या क्षणी पहिला मार्ग संपला होता. खरे तर चौथाच उरला होता, म्हणजे रायफल बाजूला ठेवणे, श्री. क. यांची फेरी सोडून देणे आणि ग्रीस निपल आणायला गाडी पाठवणे. त्यात नुकसान होते ते एका फेरीचे.

रेघेबद्दलही एक गोष्ट नोंदवावी लागेल. तळाशी गोळी आहे की पोकळी, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सांगणारे दुसरे कोणतेही साधन या बंदुकीत नाही. ती रेघ नसती तर आम्हाला अंदाज करावा लागला असता आणि कदाचित आम्ही अधिक घाबरून वागलो असतो. ती होती, तिने अडीच इंचांचा फरक दाखवला, आणि आम्ही तिघांनी मिळून तिला खोटे ठरवण्याचे कारण शोधले. तुटलेल्या नाकाचा युक्तिवाद तर उलटा होता. नाक तुटल्यावर गोळी आखूड होते, म्हणजे रेघ तोंडाच्या खाली जायला हवी होती. कागदावर लिहिताना हे शाळकरी मुलालाही दिसेल.

क्लबच्या समितीपुढे मी हे सर्व मांडले. न उडालेला बार काढण्याची साधने आता रेषेजवळच्या पेटीत असतात, त्यात ग्रीस गन आणि प्रचलित आट्यांची ग्रीस निपले आहेत. हललेली गोळी उडवून काढायला बंदी आहे. चिमूटभर दारूचा मार्ग पूर्णपणेच बंद करावा की नाही, यावर समितीत अजून एकमत नाही. मी तो राहू द्यावा या मताचा आहे, पण गजाची रेघ तोंडाशी आल्याचे रेषेवरच्या देखरेख्याने स्वतः बोट लावून तपासावे, अशी अट मी सुचवली आहे.

जुनी नळी श्री. क. यांनी ओळखीच्या यंत्रशाळेतून उभी चिरून घेतली. तिचा तळाकडचा अर्धा फूट आमच्या बार भरण्याच्या टेबलावर स्क्रूने बसवलेला आहे. आतल्या पेचदार खाचा त्या जागी येऊन पसरतात आणि पुन्हा जवळ येतात. नवे सभासद तिथे हटकून बोट घालून पाहतात.